बोल्टाखालचा रंग

मामा,

तुमच्या डोक्याला काही झालं नव्हतं. गाडीच्या डिकीतली ती जागा तुम्ही घासली होती, पत्रा पांढरा स्वच्छ होईपर्यंत घासली होती, आणि मी ती माझ्या डोळ्यांनी बघितली होती. एवढं आधीच लिहून टाकते. नाहीतर लिहिता लिहिता मी काहीतरी कारण काढून ते टाळीन, असा माझा माझ्याबद्दलचा अनुभव आहे. तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी तुमचा मुलगाही गेला. त्याला तरी सांगायला हवं होतं, तेही जमलं नाही. विजेचं जे काही थोडंफार मला कळतं ते तुम्ही शिकवलंत, आणि ते कळलं म्हणूनच मला माझी चूक कळली. तेव्हा लिहायचं तर तुम्हालाच.

नांदेडहून लग्न होऊन मी अंबरपेठेत आले तेव्हा घरात तुम्ही बापलेक दोघंच होता. सासूबाई आधीच गेलेल्या. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही पहिल्या दिवसापासून मामा म्हणाले. त्याच वर्षी तुमच्या कारखान्यानं माणसं कमी करायला काढली आणि तुम्हाला स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करायला लावली. इलेक्ट्रिकल विभागात अख्खी उमर गेलेला माणूस सकाळी आठ वाजता आंघोळ करून तयार व्हायचा आणि मग जायचं कुठं म्हणून दारापुढच्या ओट्यावर पेपर घेऊन बसायचा. मला स्वयंपाकघरातून तुमची पाठ दिसायची. त्या पाठीकडे बघून मला तुमची कीव यायची आणि थोडा रागही यायचा, कारण दुपारी दोन वेळा चहा करायला लागायचा. नवी सून होते, राग मनातच ठेवायचे.

मग सिकंदराबादचे ते निवृत्त डॉक्टर आले. त्यांच्या वडिलांची जुनी विलायती गाडी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती, ती पुन्हा रस्त्यावर आणायची होती. कुणीतरी त्यांना तुमचं नाव सांगितलं होतं. गाडी दोरानं ओढत आपल्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली तेव्हा तुमचा मुलगा वैतागला. रस्त्यावर रोज नवी नवी गाडी दिसतेय, लोक हप्त्यावर घ्यायला रांगा लावतायत आणि तुम्ही हे भंगार कुठं घेऊन बसलात, असं तो तुमच्या तोंडावर म्हणाला. दुसऱ्या दिवशी तुम्ही गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून शेडमध्ये गेलात. डॉक्टरांच्या ओळखीतल्या आणखी दोन जुन्या गाड्या मागून येणार होत्या, ही एक नीट झाली तर. पण तुम्हाला त्यापेक्षा मोठी गोष्ट हवी होती. कारखान्यानं नको म्हटलेला माणूस अजून कामाचा आहे, एवढं तुम्हाला त्या गाडीकडून ऐकायचं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं, मामा. कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

गाडीचा एकेक बोल्ट गंजून लाल झालेला. तसल्या मापाचे नवे मिळेनात, म्हणून तुम्ही ठरवलं की जुनेच साफ करून घरी त्यांना जस्त चढवायचं. माझी लोणच्याची काचेची बरणी गेली, सिरक्याची बाटली गेली, औषधाच्या दुकानातून जुलाबाचं मीठ आलं, आणि वरून चिमूटभर साखर. टॉर्चमधल्या संपलेल्या सेलची कवचं कापून तुम्ही जस्ताच्या पट्ट्या केल्यात. एका तारेला पट्टी, दुसरीला बोल्ट, मध्ये एक बल्ब, आणि टोकाला बॅटरीचा चार्जर. मी पोळ्या लाटता लाटता बघायचे. बोल्टाभोवती बारीक बुडबुडे यायचे आणि हळूहळू त्याच्यावर राखाडी साय धरायची. मला वाटायचं, करंट वाढवला तर लवकर होईल. तुम्ही मान हलवायचात. "नक्को बाई. जल्दी केली की काळं पडतं. त्याच्या त्याच्या वेळानं येऊ दे." मग तो बोल्ट माझ्या हातात यायचा, मी तो जुन्या दातांच्या ब्रशनं खायचा सोडा लावून घासायचे आणि तो चमकायला लागायचा. माहेरी माझ्या हाताला कुणी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. तुम्ही चमकलेला बोल्ट खिडकीच्या उजेडात धरून म्हणालात, तुझ्या हातात सफाई आहे. त्या एका वाक्यावर मी महिनाभर बोल्ट घासले असते, आणि घासलेही.

त्या सफाईनंच घात केला. डिकीला आतून निळा रंग देऊन झाला होता. एक दिवस तुम्ही कारखान्याच्या ऑफिसात कसल्याशा कागदासाठी गेला होता, आणि मी शेड झाडायला गेले. डिकीच्या कोपऱ्यात एका बोल्टाखाली वायर अडकवलेली होती आणि त्याच्याभोवती रुपयाएवढी जागा उघडी, बिनरंगाची. आमच्याकडे सणाला भिंत रंगवताना हातभर जागा सुटली तर आई पुन्हा शिडी लावायला लावायची. मला वाटलं, मामांची नजर चुकली. रंग डब्यात उरला होताच. मी पाना घेऊन बोल्ट काढला, ती जागा नीट दोन हात देऊन रंगवली, दुपारपर्यंत वाळू दिली, वायर आणि बोल्ट परत घट्ट बसवले, आणि तुम्ही मापानं कापून ठेवलेली रबरी चटई वर अंथरली. संध्याकाळी तुम्ही डिकी उघडलीत, चटई बघून खूश झालात. मी म्हटलं, झाडून घेतलं जरा. रंगाचं बोलले नाही, कारण तुमची चूक मी झाकली असं मला वाटत होतं आणि चूक दाखवून तुम्हाला ओशाळं करायचं नव्हतं.

गाडी चालू झाली, पण मागचे दिवे वेडे झाले. ब्रेक दाबला की वळणाचा दिवा मिणमिणायचा. वळणाचा लावला की दोन्ही बाजूंचे लाल दिवे मंद व्हायचे. तुम्ही वायर न् वायर तपासलीत. स्विच खोललेत, फ्यूज बदललेत, बल्बचे होल्डर घासलेत. मी ब्रेकवर पाय ठेवून बसायचे आणि तुम्ही मागून ओरडायचात, दाब, सोड, दाब. आठवडा गेला. जेवताना तुमचा घास हातात राहायचा. डॉक्टरांच्या घरी लग्न होतं, त्यांना गाडी त्याआधी हवी होती आणि त्यांचा ड्रायव्हर दिवसाआड चकरा मारत होता. एका सकाळी मी पोळ्या करत असताना तुम्ही स्वयंपाकघरात आलात आणि खडूनं फरशीवर मला गाडी काढून दाखवलीत. बॅटरीतून करंट वायरनं दिव्याकडे जातो, पण परतीची वायर नसते, तो गाडीच्या पत्र्यातून परत येतो. म्हणून जिथं वायर पत्र्याला जोडायची तिथला रंग खरवडायचा, पत्रा उघडा करायचा. त्याला अर्थिंग म्हणायचं. ती वाट बंद झाली की करंट दुसऱ्याच दिव्यातून वाट काढतो. असा बिघाड असला तर आधी अर्थिंग बघायचं, तुम्ही म्हणालात, पण ते मी स्वतः घासलंय, जस्त चढवलेला बोल्ट लावलाय, तिथं बघायला नको.

माझ्या हातात लाटणं होतं. मला सगळं कळलं, मामा, त्याच क्षणी. तुम्ही खडू हातात घेऊन माझ्यासमोर उकिडवे बसला होता, डोळे लाल झाले होते. मी तेव्हाच सांगू शकले असते. मी पोळी उलटली. मनात ठरवलं की दुपारी तुमचा डोळा लागला की जाऊन ती जागा खरवडायची, म्हणजे कुणाला काही कळणार नाही. पण डॉक्टरांचा ड्रायव्हर माझ्या पोळ्या संपायच्या आत आला आणि गाडी तशीच घेऊन गेला.

चार दिवसांनी डॉक्टर स्वतः आले. बिचारे भले माणूस, बिस्किटांचा पुडा घेऊन आले होते. कुठल्यातरी नव्या वर्कशॉपात पोरांनी तासाभरात बिघाड काढला म्हणाले. "अजी, बोल्ट के नीचे पेंट था. बस, इतनीच बात थी." टोचून बोलले नाहीत, हसत बोलले. तुम्हीही हसलात. हौ, मीच विसरलो असेन, म्हणालात, आणि त्यांना फाटकापर्यंत सोडून आलात. नंतरच्या दोन गाड्यांचा विषय त्यांनीही काढला नाही आणि तुम्हीही नाही.

ते गेल्यावर तुम्ही मला हाक मारलीत. "बाई, तू होतीस की तिथं. मी पॉलिश पेपर मारला होता का नाही? माझ्या नजरेसमोर ती जागा दिसतीय गं. पांढरी दिसतीय."

मी म्हणाले, "माझ्या नाही लक्षात, मामा. वय झालं की होतं असं."

मला कुणी हे शिकवलं नव्हतं. आपसूक तोंडातून निघालं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मान डोलावलीत आणि आत जाऊन पडलात. तुम्ही तेव्हा चौपन्नचे होता. आज मी त्याहून मोठी आहे आणि मला सगळं लख्ख आठवतं.

त्यानंतर तुम्ही शेडला कुलूप लावलंत. घराला कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जायचात आणि ते बघायला परत यायचात. गॅसची कळ तीनदा तपासायचात. औषध घेतलं की नाही ते कॅलेंडरवर खूण करून ठेवायचात आणि मग ती खूण आपणच केली का, असं मला विचारायचात. पुढच्या वर्षी तुमचा नातू झाला. काचीगुड्याच्या एका खासगी ऑफिसात कॉम्प्युटरवर मला काम मिळालं, आणि मी दिवसभर बाहेर जाऊ शकले ते तुम्ही घरी होता म्हणून. तेव्हा मनात कितीदा आलं की सांगावं. सांगितलं असतं तर कदाचित तुम्ही शेड उघडली असतीत. शेड उघडली असतीत तर पोराला कुणी सांभाळलं असतं? भीतीपोटी गप्प बसले असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. भीती पहिल्या आठवड्यापुरती होती. नंतर ते माझ्या सोयीचं होतं. पोराला मांडीवर घेऊन तुम्ही दुधाचा थेंब मनगटावर तीन तीनदा टाकून बघायचात, आणि मी तुमच्या त्या अविश्वासावर विश्वास टाकून बस पकडायचे. घरात कुणी काही विसरलं की 'आजोबांचा बोल्ट झाला' म्हणायची पद्धत पडली. आधी तुमचा मुलगा म्हणाला, मग नातू म्हणायला लागला. तुमच्यासमोरही म्हणायचे. तुम्ही हसायचात.

तो नातू आता तिशीचा आहे. जुनी स्कूटर विकत आणलीय आणि तिच्या बोल्टांना घरी जस्त चढवायचा खटाटोप चाललाय, मोबाइलवर व्हिडिओ बघून. करंट जास्त देतो, काळं पडतं, मी सांगते तेव्हा कमी करतो. परवा त्यानं एक जागा खरवडून मला दाखवली. "मम्मी, देख, अर्थिंगची जागा एकदम क्लीन. नाहीतर आजोबांचा बोल्ट होतो." मी तोंड उघडलं. चहा ठेवू का, असं विचारलं.

आत्ता तो माझ्यासमोर टेबलाशी बसून वायरी सोलतोय. मघाशी काय लिहितेस म्हणून त्यानं विचारलं, तर म्हटलं, आजोबांना पत्र. हसला, पहिला कागद उचलला, दोन ओळी लावायचा प्रयत्न केला आणि परत ठेवून दिला. मराठी बोलतो, पण छापील असलं तरच कसंबसं अक्षर लावतो. माझ्या हाताचं मराठी त्याला लागत नाही. शाळेत मराठी नव्हतं, मी घरी शिकवीन म्हणाले होते आणि शिकवलं नाही. मला इंग्रजी येतं, तीस वर्षं ऑफिसात तेच लिहीत आले. त्यात लिहिलं असतं तर त्यानं आत्ता उभ्या उभ्या वाचलं असतं आणि तुमच्यावरचा डाग आजच्या आज गेला असता. हे मला लिहायला बसण्याआधी माहीत होतं, मामा. माहीत होतं म्हणूनच मी मराठीत लिहायला बसले.