लोखंडी जिन्याची खोटी नोंद

मी, खाली सही करणारी, वय वर्षे पंच्याहत्तर, नगरपालिकेची निवृत्त आरेखक आणि गेली वीस वर्षे गावच्या वारसा समितीची सदस्य, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा कोणाच्या भरीला पडून नव्हे, तर आपण होऊन, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डोके ठिकाणावर असल्याचे त्यांनी लिहिले आहे. स्वभावाबद्दल त्यांना कोणी विचारले नाही.

कलम १. मी लग्न केले नाही, मूलबाळ नाही. जवळची माणसे म्हणजे धाकटा भाऊ आणि त्याची बायको. आमच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ चौकात आहे. खाली दुकान, मधे घर आणि सगळ्यात वर काचेच्या छपराची खोली, जिथे दिवा न लावता नुसत्या उजेडात फोटो काढत. वडिलांनी सगळी इमारत धाकट्याच्या नावे केली. "मुलीला इमारत कशाला?" एवढेच म्हणाले. त्याआधी बारा वर्षे त्यांचे दुखणेखुपणे काढायला मुलगी चालत होती. मृत्युपत्रात राग लिहायला मनाई नाही, असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून लिहिला.

कलम २. माझी आरेखनाची पेटी, पितळी कंपास आणि पोलादी टेप समितीच्या कारकूनबाईंना द्यावे. त्या दोनदा मोजतात. अध्यक्षांनी मागितल्यास देऊ नये. त्यांना जुनी वास्तू फीत कापण्यापुरती आवडते, आणि उसने नेलेले परत करायची त्यांना सवय नाही.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते स्टुडिओच्या काचेच्या छपराच्या डागडुजीसाठी ठेवावे. ते छप्पर खरोखर जपण्यासारखे आहे. गावातल्या चार पिढ्या त्याखाली बसून आपला चेहरा ठेवून गेल्या. पुढचे कलम वाचून कोणी छपरावर हातोडा घेऊन चढू नये.

कलम ४. आता जिन्याचे. अकरा वर्षांपूर्वी धाकट्याने इमारत पाडायचे ठरवले, तेव्हा मी ती वारसा यादीत घातली. छपरापुरती घातली असती तर आज मान वर करून मेले असते. पण त्याला चांगले जखडून ठेवावे, या इरेला पेटून मी आतला गोल लोखंडी जिनाही यादीत ओढला आणि नोंदीत लिहिले, "जिना मूळ बांधकामाचा." ही नोंद खोटी आहे. तो जिना वडिलांनी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून उचलला. मी दहा वर्षांची होते. बसवताना खालच्या पायरीचे नट मीच ओंजळीत धरून उभी होते, त्यामुळे विसरले म्हणायचीही सोय नाही.

सहा वर्षांपूर्वी भावजयीचे पाय कायमचे गेले. हा जिना बाहेरच्या भिंतीला हलवला तर त्या जागी लिफ्ट बसते. दुसरीकडे कुठेच बसत नाही. इमारतीचा नकाशा मीच काढलेला आहे. धाकट्याने तीनदा अर्ज केला, आणि "मूळ जिन्याला हात लावता येणार नाही" हा शेरा तिन्ही वेळा माझ्या अक्षरात गेला. सहा वर्षांत ती फक्त दवाखान्यासाठी खाली आली आहे, तीही खुर्चीला बांधून, दोन हमालांच्या खांद्यावर. तिने माझे काडीचेही वाईट केलेले नाही. दर रविवारी फोन करून माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

सबब, माझ्या मृत्यूनंतर हे कलम समितीपुढे मोठ्याने वाचावे, जिन्याची नोंद खोडावी आणि माझे तळमजल्यावरचे दोन खोल्यांचे घर भावजयीला द्यावे. उंबरा मी काढून टाकला आहे आणि दरवाजा रुंद करून घेतला आहे. हे जिवंतपणी का सांगितले नाही, असे लोक विचारतील. माझ्या मापावर हे गाव डोळे मिटून विश्वास ठेवते. तो गेलेला बघायची माझ्यात हिंमत नव्हती.

साक्षीदारांबाबत. पहिली साक्ष शेजारच्या शिंप्याची. दुसरी त्याच्या बायकोची ठरली होती, ती बदलली. का, ते वकीलबाईंच्या सांगण्यावरून नोंदवते. धाकट्याला मी फक्त कागद वाचायला बोलावले होते. त्याने तो सावकाश वाचला, जिन्याचे कलम दोनदा. मला वाटले, आता हा माझे वाभाडे काढणार, आणि काढायलाच हवे होते. त्याने वकीलबाईंकडे पेन मागितले.

"तुम्ही साक्ष घातलीत तर तुमच्या बायकोला यातलं काही मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "कायदा तसा आहे."

"मग बरंच झालं," तो म्हणाला, आणि त्याने सही केली. "ताई, घर मिळायला तिनं काय तुझ्या मरणाची वाट बघत बसायचं? ते तिला जमायचं नाही. समितीची बैठक सोमवारी आहे. तू चल, आणि तुझ्या तोंडानं सांग."

मला रडू आले. सबब घराची तरतूद रद्द समजावी, आणि कलम चार मी सोमवारी स्वतः वाचणार आहे.

स्थळ: माझ्या घरातले आरेखनाचे टेबल
दिनांक: गुरुवार, दुपारी चार

साक्षीदार १: शेजारचा शिंपी (सही)
साक्षीदार २: धाकटा भाऊ (सही)
लिहून देणार: थोरली बहीण (सही)