टायटसच्या सभेला बायकांनी यावं

धाकट्या बहिणीस, फिबीस, थोरल्या हेगरचे मायेचे आशीर्वाद.

आम्ही राजधानीत खुशाल आहोत. पत्र नातू टायटस लिहितोय. मला अक्षर कळत नाही, पण एवढं दिसतं की आमदार होऊनही तो लिहिताना जीभ बाहेर काढतो. इथला भात अगदी गिच्च गोळा. तुझे गुडघे कसे आहेत?

फिबे, गुलामगिरी सुटल्यावरचं पहिलं मतदान आठवतं? पुरुष आत मत द्यायला गेले आणि आपण बायका त्यांच्या बंदुका तान्ह्या पोरांसारख्या कडेवर घेऊन बाहेर उभ्या. तू नवऱ्याला दरडावलंस, "जुन्या मालकाला मत दिलंस तर आज चूल बंद!" किती हसलो गं!

टायटस शनिवारी तुमच्या बेटावर सभेला येतोय. आपल्या काळ्या माणसांना मतदानापासून हुसकावत फिरणारे गोरे घोडेस्वार त्याला जिवंत परत जाऊ देणार नाहीत, असं लोक बोलतात. "आजी, हे नको लिहायला, मावशीआजी घाबरेल," टायटस म्हणतोय. गप लिही रे!

सगळ्या बायकांना सांग, भातकापणीचे विळे घेऊन या आणि त्याच्याभोवती दाटीने उभ्या राहा. आपल्याला मत नाही, पण नातू आपला आहे.

खालची फुली माझ्या हातची. वाकडी झाली ती म्हातारपणाने, भीतीने नव्हे.

तुझी,
हेगर
✕