जोडलेलं बाक

८ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचा खोकला थांबला का? माझा खुबा ठीक आहे. काठी घेऊन गॅलरीपर्यंत जाते आणि सूनबाई जीव मुठीत धरून मागे येते. पडदा काढायला एकदा स्टुलावर चढले आणि पडले, त्याची शिक्षा अजून किती भोगायची कोण जाणे!

आता कामाचं. डॉक्टरांनी पालथं पडायला आणि फार वेळ उभं राहायला कायमची बंदी केली. म्हणजे माझी रायफल संपलीच की! तीस वर्षं मी या दोनच प्रकारांनी नेम धरत आले. घरच्यांचं म्हणणं, रायफल क्लबला देऊन मोकळी हो. मी महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली आहे. रेंजवरचे प्रशिक्षक म्हणाले की टेबलाशी बसूनही नेमबाजी करता येते, फक्त टेबल तसूभरही हलता कामा नये. आणि बसणं आरामशीर हवं, नाहीतर खांदे भरून येतात.

तू शाळांची बाकं करण्यात जन्म घातलास. एक बहिणीसाठी कर. सोबत मापाची सुतळी पाठवतेय. टोक म्हणजे बसायची जागा, पहिली गाठ कोपराची, दुसरी हनुवटीची. उजव्या कोपराला टेकायला फळी लांब ठेव आणि छातीशी अर्धगोल खाच दे, म्हणजे आत सरकून बसता येईल. रायफल गेली तर मी काय करीन, हा विचारच करवत नाही रे.

लोभ आहेच, तो यावेळी लाकडात उतरू दे.

तुझी,
चिमी


१४ नोव्हेंबर

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

सुतळी पोचली. खिळ्याला टांगलेली बघून तुझ्या वहिनीने विचारलं, माप म्हशीचं घेतलंय की नणंदेचं. खोकला थांबलाय हे त्यावरून ओळख.

बाक आज टेम्पोत चढवलं. टेबलाला पाय तीनच आहेत, घाबरू नकोस. जमीन कितीही ओबडधोबड असली तरी तीन पाय डुगडुगत नाहीत. वरची फळी चांगली जाड घेतली आणि खाचेची कड हाताला लोण्यासारखी लागेपर्यंत घासली. बसायची फळी मात्र शाळेच्या बाकासारखी टेबलालाच जोडली आहे. सुटं स्टूल मी तुला देणार नाही. तुला स्ट्रेचरवर पाहिलं तेव्हापासून ‘स्टूल’ या शब्दाचीच धास्ती बसली आहे. वहिनीने माझ्या जुन्या पँटच्या पिशव्या शिवल्यात, त्यांत वाळू भरून रायफल त्यांच्यावर टेकव.

कसं झालं ते लगेच कळव, तोवर घास गोड लागायचा नाही.

तुझा,
दादा


२१ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाक आलं. काय देखणं केलंयस! कोपर, हनुवटी, खाच, सगळं अंगच्या मापाचं. मी बसल्यावर प्रशिक्षक म्हणाले, आता फक्त हजेरी घ्यायची राहिली.

पण दादा, गोळ्या लागत नाहीत. एक इथे तर एक गावाबाहेर. प्रशिक्षकांनी फळीवर पाण्याचा पेला ठेवून बघितला, तर मी श्वास घेतला तरी पाणी हलायचं. बसायची जागा टेबलाला जोडलेली ना, त्यामुळे माझी धडधड थेट रायफलीत उतरते. त्या दिवशी घरी येऊन न जेवता झोपले. तू माझ्या काळजीपोटी जोडलंस, आणि त्यालाच नावं कशी ठेवू, म्हणून लिहायलाही हात होईना. एवढ्या सुंदर बाकाला करवत लावायची माझी छाती नाही. रायफल देऊन टाकावी म्हणते.

रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.

तुझी,
चिमी


२४ नोव्हेंबर

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

वेडी की खुळी? करवत कशाला? बसायच्या फळीखाली हात घाल, चार बोल्ट लागतील. ते काढ की झालं. मी सरस लावलेलाच नाही. आजवर सरसाशिवाय एक बाक माझ्या हातून गेलं नाही, पण तुझं करताना हात थांबला. तू लहानपणापासून कुणाच्या बांधण्याला जुमानली आहेस का? म्हटलं, हिला सोडवता येईल असंच जोडावं.

टेम्पोवाल्याबरोबर बसायला एक वस्तू पाठवतोय. बुटकी आहे, बूड रुंद आहे, पायांना रबर आहे. तिला स्टूल म्हणायचं नाही. मी तिच्यावर उभा राहून नाचून बघितलं. लोकांनी बघू नये म्हणून वहिनीने दार लावून घेतलं.

रायफल द्यायची नाही, हा थोरल्या भावाचा हुकूम.

तुझा,
दादा


३० नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, दहांतल्या नऊ गोळ्या काळ्या गोलात! पेल्यातलं पाणी जागचं हललं नाही. रायफल घरातच राहिली. तिचं कपाट सूनबाईनेच पुसून ठेवलं, आणि पुसता पुसता रडलीसुद्धा. तुझे उपकार मानले तर तुला राग येईल, येऊ दे. तू माझे हात मला परत दिलेस. वहिनीच्या पिशव्यांनाही नमस्कार सांग.

आता राहिली ती सुटलेली फळी. रेंजवरच्या माणसाने भंगारात टाकू का विचारलं, तर मी अशी ओरडले की बिचारा दोन पावलं मागेच सरला. मी ती नेमबाजांच्या मागे भिंतीला टेकवून ठेवली आहे. इतक्या वर्षांत तू एकदाही आत आला नाहीस. कुकरच्या शिट्टीला दचकणारा माणूस तू, मला सोडून फाटकाबाहेरच थांबायचास. ती फळी तुझी आहे. तिला पाय तेवढे घेऊन ये.

वाट बघते, एवढंच मागणं.

तुझी,
चिमी


४ डिसेंबर

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

पाय तयार आहेत. रविवारी येतो. वहिनीने कानात घालायला कापूस बांधून दिलाय, अख्खी उशी होईल एवढा.

मी दचकणार, ते आत्ताच सांगून ठेवतो. पण तू बिनघोर नेम धर. मागे बसून मी कितीही उडालो तरी तुझं टेबल आता हलायचं नाही.

तुझा,
दादा