महावर उतरल्यावर

वाराणसी, सोमवार सकाळ

प्रिय इरू,

फोन सोडून आई पत्र लिहितेय म्हणजे तिचं डोकं फिरलंय, असं म्हणशील. अजून फिरलेलं नाही, म्हणून तर ही घाई.

शुक्रवारी सुमेधाकाकूंकडे देवीचं बोडण होतं. इथल्या रिवाजाप्रमाणे नाऊनने, न्हाव्याच्या म्हाताऱ्या बायकोने, आम्हा सवाष्णींच्या पायांना महावराचा लाल अळता लावला. घरी येऊन बघते तर घोट्याच्या वर लाल शिंतोडे. म्हटलं, म्हातारीचा हात थरथरतो, सांडला असेल रंग. दोन दिवस बेसन लावून चोळत बसले. महावर उतरला, ठिपके तसेच. सात वर्षांपूर्वी असेच ठिपके पाहिलेली बाई मी, आणि त्या बिचारीला नावं ठेवत होते!

काल रक्त तपासायला दिलं, तासाभरापूर्वी रिपोर्ट आला. प्लेटलेट फक्त अकरा हजार. तेच टीटीपी, परत. शरीर आपल्याच रक्तावर उलटतं, बारीक गुठळ्या होतात, मेंदूतसुद्धा. डॉक्टरांनी लगेच भरती व्हायला सांगितलंय. पुन्हा ते रोज प्लाझ्मा बदलणं. बाबा गोदौलिया चौकात रिक्षा ठरवायला गेलेत. जाताना तीनदा विचारलं, इरूला कळवू का? तीनदा नको म्हटलं. तुझी परीक्षा आहे, असं मीच सांगितलं. खोटं बोलले. मला भीती वाटते गं. सकाळी तांब्याला काय म्हणतात तेच आठवेना, नुसतं बोट दाखवलं.

मागच्या वेळी तू बारा वर्षांची होतीस. वरणभाताचा डबा घेऊन वॉर्डात आलीस आणि मी म्हणाले, "ए लड़की, किसकी बिटिया हो? जाओ इहाँ से." जन्मात तुझ्याशी हिंदी बोलले नव्हते. तू डबा ठेवून निघून गेलीस. हे मला बाबांनी सांगितलं, तू कधीच नाही. हळूहळू तूच माझ्याशी हिंदीत बोलायला लागलीस, शिकायला नागपूरला गेल्यावर फोनवरही. का, ते विचारायचं मला धैर्य झालं नाही.

तुला पुन्हा तसं ऐकावं लागू नये म्हणून नको म्हणत होते. पण ये. बाबांना आता कळवायला सांगते, हे पत्र ते तुला स्टेशनवर देतील. मी ओळखलं नाही, हाकललं, तरी या वेळी जाऊ नकोस. उशाशी बसून हे मला वाचून दाखव. मला कळेल न कळेल. तुला मात्र माहीत असू दे, की आज साडेदहा वाजता, पूर्ण शुद्धीत, तू कोणाची मुलगी ते मला पक्कं ठाऊक होतं. माझी.

तुझीच,
आई