किल्लीची जागा

१९ नोव्हेंबर
दुकानातून, दुपारी तीन

प्रिय वहिनी,

नमस्कार. मी बरी आहे, तुम्ही सगळे बरे असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मांजर खायला लागलं का? लेकीची परीक्षा संपली असेल. तिला आत्याचा आशीर्वाद सांग. माझं नाव काढल्यावर ती उठून जात असेल, तर राहू दे.

दादाची बॅग सोबत पाठवतेय. दोन महिने माझ्या पलंगाखाली होती. आधीच पाठवायला हवी होती, पण आज-उद्या करत राहिले. वरच्या कप्प्यात त्याचा चष्मा आहे, डबीसकट. खाली निळा सदरा आहे, मी धुतलेला नाही. घड्याळ, पाकीट, पाकिटातला तुमचा तिघांचा फोटो आणि ते जाडजूड पुस्तक, जे तो तीन वर्षं दर सुट्टीत नव्याने सुरू करायचा. या वेळी पान एकशे बारापर्यंत पोचला होता. सगळं जसंच्या तसं आहे. एक वस्तू इकडची तिकडे झालेली नाही.

इथे दुकान चालू आहे. समोरच्या न्हाव्याने शटरला नवीन कुलूप लावून घेतलं. शाळेच्या मुख्याध्यापिका परत कपाटाची किल्ली हरवून आल्या, या वर्षातली चौथी. म्हणाल्या, "तुमच्या हाताला काय जादू आहे हो, अर्ध्या मिनिटात उघडता!" मी हसले. मग त्या गेल्यावर मागच्या खोलीत जाऊन बसले.

बरं, तुझा निरोप मिळाला. दोन ओळींचा. "रेंज नव्हती म्हणालीस. मग मी फोन लावत होते तेव्हा रिंग कशी जात होती?"

गिऱ्हाईक आलंय. उरलेलं नंतर लिहिते.

२० नोव्हेंबर

काल गिऱ्हाईक कुणी आलं नव्हतं.

वहिनी, मला हे सरळ सांगता येत नाही, म्हणून थोडं मागून सांगते. चिडू नकोस. किंवा चीड, पण वाचणं सोडू नकोस.

गेल्या वर्षीची आमची सुट्टी तुला आठवते. आम्ही दोघं भाऊबहीण पाण्याखाली मासे बघत होतो आणि किनाऱ्यावर कुणीतरी गाडीची काच फोडून कपड्यांसकट सगळं घेऊन गेलं. दादा पोलीस चौकीत ओला रबरी पोशाख घालून तक्रार लिहीत बसला होता. तू फोनवर हसून हसून बेजार झालीस, "कुलूपबाईच्या घरी चोरी!" म्हणालीस. तेव्हापासून मला तू दिलेलं ते नाव पडलं. मलाही हसू आलं होतं, पण आतून ते लागलं. एकवीस वर्षं मी लोकांच्या घरांना कुलपं लावते आणि माझ्याच भावाची पँट मला राखता आली नाही.

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. मी तर पाणीही फुंकायला लागले. वर्षभर दुकान बंद केल्यावर बसून एक पोलादी पेटी केली. गाडीच्या सीटखाली चार बोल्टने आवळायची. तिला कुलूपही विकतचं नाही, माझं स्वतःचं. तारेने उघडत नाही, हातोडीने तुटत नाही. दुकानात मी स्वतः तिच्यावर दीड तास झटले आणि हरले. हरल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

फोन, पाकिटं, कागदपत्रं त्या पेटीत. पेटीची आणि गाडीची किल्ली एकाच कडीत. आणि ती कडी किनाऱ्यावर लपवून पाण्यात जायचं. किल्ली सोबत पाण्यात न्यावी, असं दादा म्हणाला होता. पण गाडीच्या किल्लीत ते इलेक्ट्रॉनिक असतं, भिजली की गेली. आणि मी म्हणाले, "पाण्यात पडली तर कोण शोधणार? तुझा बाप?" आमच्या बापानेच तर सगळं शिकवलं होतं.

बाबांचा नियम तुला माहीत नसेल. दादाने दुकान घेतलं नाही, त्यामुळे तो त्याने कधी मनावरही घेतला नाही. किल्लीची जागा एका वेळी एकाच माणसाला ठाऊक असावी. "दोघांना ठाऊक असली," बाबा म्हणायचे, "की काही गेल्यावर आधी दोघं एकमेकांकडे बघतात. चोर सापडेल न सापडेल, घर फुटतं." भावंडांनी एकमेकांवर कधी संशय घेऊ नये, म्हणून होता तो नियम. मायेचाच होता. मला तो पाठ होता, आणि मी तो पाळत होते. एक दिवस मी लपवायची, एक दिवस त्याने. लपवताना दुसऱ्याने पाठ फिरवायची.

दादा म्हणायचा, "अगं, आपण दोघंच तर आहोत. सांगतो ना कुठे ठेवली."

मी कानात बोटं घालायची आणि मोठ्याने पाढे म्हणायची. हो, या वयात. तो पोट धरून हसायचा.

संध्याकाळी

दुकान लवकर बंद केलं.

या सुट्टीत, त्या दिवशी पाण्यात उतरायची जागाही मीच निवडली होती. तुला मी सांगितलं होतं की दादाने निवडली. खोटं सांगितलं. त्याला बंदराजवळच्या किनाऱ्यावर जायचं होतं. तिथे पाठीवरच्या हवेच्या टाक्या भरून देणारं दुकान आहे, सामान ठेवायला लॉकर आहेत, पहारेकरी आहे. मी ते लॉकर बघून आले आणि म्हणाले, "टाचणीने उघडतील. आणि जिथे गर्दी तिथे चोर." म्हणून आम्ही निघालो खडकांमधल्या त्या खाडीवर, जिथे माणूस नाही, दुकान नाही, मुख्य रस्ता दोन किलोमीटरवर. माणसं नाहीत म्हणजे चोर नाहीत. केवढी हुशारी!

किल्ली लपवायची पाळी त्याची होती.

मी गाडीकडे तोंड करून, कानात बोटं घालून सतराचा पाढा म्हणत उभी राहिले. तो बराच वेळ लावत होता. मग खांद्यावर टपली मारली. मी वळले, तर तो हसत काहीतरी बोलला आणि खाली माझ्या पायांकडे बोट दाखवलं. माझी बोटं अजून कानातच होती. मला वाटलं, माझ्या रबरी बुटांना हसतोय. बदकासारखी दिसतेस असं तो नेहमीच म्हणायचा. मी म्हणाले, "चल रे, ऊन तापतंय." आणि आम्ही पाण्यात गेलो.

खाली फार छान होतं, वहिनी. हे तुला मुद्दाम सांगते. पिवळ्या माशांचा एक थवा त्याच्याभोवती बराच वेळ फिरत होता आणि त्याने मला दोन्ही हातांनी खूण केली, बघ बघ म्हणून. तो खूश होता.

वर येताना तो मागे पडला. किनाऱ्यावर आला तेव्हा त्याला श्वास घेता येत नव्हता. तोंडाला फेस होता, गुलाबीसा. काही जणांच्या फुप्फुसांत असं पाणी साठतं, कुठल्याही चुकीशिवाय, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मी त्याला ओढून वाळूवर घेतलं, टाकी काढली, पाठीला टेकू दिला. तो शुद्धीवर होता. तू विचारलं होतंस आणि मी नाही म्हणाले होते. तो शुद्धीवर होता.

मी ओरडले, "किल्ली कुठाय?"

त्याला बोलता येईना. तो हात उचलायचा आणि माझ्या पायावर मारायचा. परत परत. मला वाटलं धरायला काहीतरी हवंय त्याला. मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बोलू नकोस दादा, दम खा, मी शोधते."

आणि मी शोधायला लागले. बाबांनी शिकवलेल्या सगळ्या जागा शोधल्या. चाकाच्या वरची कमान, खडकाची कपार, झुडपाचं मूळ, रिकामी बाटली. टॉवेल झटकले. दादाचे बूट उलटे करून आपटले. मग वजनासाठी कमरेला बांधायच्या पट्ट्यातलं शिसं काढून गाडीची काच फोडली. आत गेले. किल्लीशिवाय गाडी सुरू होईना. पेटीवर शिसं मारलं, दगड मारला, जॅकचा दांडा घालून बघितला. माझ्याच हातचं काम होतं ते. ओरखडासुद्धा उठला नाही.

तेव्हा आत फोन वाजला.

तूच होतीस. नंतर बघितलं, सकाळी नऊ पन्नासपासून तुझे सहा कॉल होते. मांजराचं औषध कुठे ठेवलंय ते विचारायला. तुझ्यासाठी त्याने जी धून लावली होती ती वाजत होती, आणि मी त्या पेटीसमोर गुडघ्यांवर बसले होते, आणि दहा पावलांवर तो सगळं बघत होता. रेंज पूर्ण होती, वहिनी. सगळ्या दांड्या.

मग मी रस्त्याकडे धावले. त्याला तिथे एकटं सोडून. भाजीचा टेम्पो थांबला, टेम्पोवाल्याने फोन दिला. बंदरावरून रुग्णवाहिका यायला पंधरा मिनिटं लागली, फक्त पंधरा. पण माझा तोवर तास गेला होता. मी परत आले तेव्हा तो तसाच बसला होता, टेकून, डोळे उघडे.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "लवकर का नाही कळवलंत? प्राणवायू वेळेवर मिळाला की यातली बरीच माणसं वाचतात." मी म्हणाले, रेंज नव्हती. तेच मग तुला म्हणाले. तेच लेकीला. इतक्यांदा म्हणाले की मध्यंतरी मलाही खरं वाटायला लागलं होतं. मग तुझा निरोप आला.

२१ नोव्हेंबर, सकाळ

काल इथेच थांबणार होते. एवढं सांगितलं म्हणजे पुरे, असं वाटलं होतं. पण अर्धं सांगणं मी आता खूप केलं.

दुपारी दवाखान्याच्या बाकावर मी त्याच रबरी बुटांत बसले होते. पोलीस शिपाई किनाऱ्यावरचं सामान घेऊन आला. दोन टॉवेल, दादाचे बूट, माझे कॅनव्हासचे बूट. म्हणाला, "मोजून घ्या बाई, काही गेलेलं नाही." मी रबरी बूट काढले आणि माझ्या बुटात डावा पाय घातला. अंगठ्याला काहीतरी टोचलं.

बाबा म्हणायचे, बुटात किल्ली ठेवतो तो गाढव. मी दादालाही हजारदा म्हणाले असेन. म्हणून त्याचे बूट झटकले तेही नुसते हात चालले म्हणून. स्वतःच्या बुटात कोण बघतं? आणि त्याने तिथेच ठेवली होती, कारण नियम काहीही असो, मला ती सापडावी असं त्याला वाटत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. लहानपणी ही म्हण तो मलाच चिडवायला वापरायचा.

तो माझ्या पायावर हात मारत होता, वहिनी. आणि मी तो हात धरून ठेवला.

मी माफी मागत नाहीये. मागायला तोंड नाही, आणि तू दिलीस तर ती कुठे ठेवू ते मला समजणार नाही. अंत्यसंस्काराच्या दिवसापासून तू माझ्याकडे एकदाही बघितलेलं नाहीस. मला तेव्हा बरंच वाटलं होतं, तू बघितलं असतंस तर मी सगळं ओकले असते. एवढ्यासाठीच मी रेंजचं खोटं दोन महिने जपलं, घराला कुलूप लावून बसावं तसं.

बॅगेबरोबर दुसरं खोकं आहे, जड आहे, शेजाऱ्यांना उचलायला सांग. त्यात ती पेटी आहे, गाडीतून काढलेली. दादाचा फोन आत आहे. त्या दिवशी मी एकदाच उघडली, पाकिटं काढली, तुझे कॉल बघितले आणि फोन आत ठेवून परत लावली. त्यात त्याने टिपलेले फोटो असतील, ते तुझे आहेत. खोक्याच्या तळाशी कागदात माझा डावा बूट आहे. किल्ली त्याने ठेवली होती तिथेच ठेवली आहे, अंगठ्याशी. तुमच्या घराची माझ्याकडे असायची ती किल्लीही त्यातच घातली आहे.

आता जागा आपल्या दोघींना ठाऊक झाली. बाबांच्या हिशेबाने यापुढे तू माझ्याकडे बघणार. बघ. मी पाठ फिरवणार नाही, आणि कानात बोटंही घालणार नाही.

तुझी

(इथे मी नेहमी कुलूपबाई लिहायचे. त्याची बहीण लिहावं, तर तेही लिहायला हात उठत नाही. जागा रिकामी ठेवते.)