एकोणीस रिकाम्या चौकटी

२ फेब्रुवारी, सोमवार

आज रुजू झाले. एकवीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून पायांचे तुकडे पडेपर्यंत धावल्यावर आता मला खुर्ची मिळाली आहे, आणि तीही चाकांची! पद भारदस्त आहे: रुग्णसुरक्षा, अंतर्गत ऑडिट. सकाळी यांना गळ्यातलं कार्ड दाखवलं, तर म्हणाले, आजवर घरात माझ्या चुका काढायचीस, आता त्याचं कार्डही मिळालं म्हणायचं.

खोली तिसऱ्या मजल्यावर, रेकॉर्ड रूमला लागून. एक खिडकी, दोन कपाटं, दाराला मधोमध काच. येणारा-जाणारा आत डोकावून जातो. मोठ्या डॉक्टरांनी काम समजावलं: दर पंधरवड्याला प्रत्येक वॉर्डातल्या काही पेशंटचे कागद काढायचे, कागदावर लिहिलंय ते खरंच झालंय का हे पेशंटजवळ जाऊन बघायचं, आणि झालं नसेल तर तसं स्पष्ट लिहायचं. कुणाला पकडायला नव्हे, पेशंटचं नुकसान वेळेत थांबावं म्हणून. मला हे फार पटलं. येताना नवी वही घेतली, ती हीच.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज पुरुषांचा वॉर्ड पाहिला. बत्तीस कॉट. इन्चार्ज सिस्टर कमी बोलणारी, पण हात चालतात तिचे. बेड नंबर सातवर एक टेलरकाका आहेत. अर्धांगाच्या झटक्यात डावी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत, जरा जास्तच. माझा पांढरा कोट बघून म्हणाले, खांदा उतरलाय, शिवणाऱ्याने डोळे मिटून शिवलाय. काकू शेजारी बसून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

अशा पेशंटला आपली आपण कूस बदलता येत नाही. म्हणून दर दोन तासांनी त्यांना वळवायचं आणि कॉटच्या पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्यात त्या वेळेच्या चौकटीत टिक करायची. नाही वळवलं तर एकाच जागी दाब पडून कातडी आतून कुजत जाते. काकू पंधरा दिवस तिथेच आहेत, स्वतःही हात लावतात. त्यांच्या डोळ्यांखाली काळं पडलंय. शनिवार-रविवार घरी जाऊन पाठ टेकू का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, खुशाल जा, काकू. आम्ही आहोत की.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे केलं ते लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

सोमवारी बाहेरून तपासणीवाले येणार आहेत. मोठे डॉक्टर परवा सहज म्हणाले होते की तुमचं पहिलंच ऑडिट आहे, छान होऊ दे. आज बेड सातचा तक्ता काढला, तर गेल्या शनिवारी दुपारी दोनपासून सलग एकोणीस चौकटी रिकाम्या. इन्चार्ज सिस्टरने काही लपवलं नाही. दोघीजणी आजारी पडल्या, मी एकटी होते, वळवलं नाही म्हणून लिहिलं नाही, असं खाली मान घालून सांगितलं. मी म्हटलं, राहू दे, बघते मी.

आणि मी खोलीत येऊन दोन वेगवेगळ्या पेनांनी एकोणीस टिका केल्या. मला कुणीही सांगितलं नव्हतं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

नियमाप्रमाणे काकांची पाठ बघायची होती. ते झोपले होते. उगाच कशाला उठवा, म्हणून परत आले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

तपासणीवाले खूश होऊन गेले. माझ्या कागदांचं नाव घेऊन कौतुक केलं, टाळ्या वाजल्या. मी लाजल्यासारखं केलं.

दुपारी काकांना ताप भरला. कपडे बदलताना कमरेखाली जखम सापडली. मूठ आत जाईल एवढी. एवढी जखम एक-दोन दिवसांत होत नाही, शुक्रवारी ती असणारच, हे मला कुणी शिकवायला नको. शुक्रवारी चौकटी रिकाम्या ठेवल्या असत्या, तर त्याच तासाला कुणीतरी पाठ पाहिली असती. निदान मी तरी.

२१ फेब्रुवारी, शनिवार

काका गेले. जखमेचं विष रक्तात भिनलं.

काकू माझ्या खोलीत आल्या होत्या. रडत नव्हत्या. त्यांना एकच विचारायचं होतं: त्या दोन दिवसांत यांना वळवत होते ना? मी तक्ता काढून दाखवला. माझं बोट माझ्याच टिकांवरून फिरलं. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, म्हणजे तुमच्याकडून काही राहिलं नाही, मीच आधी कुठेतरी कमी पडले असेन, मला नीट वळवता येत नसेल.

मी गप्प बसले. त्यांना पाणी दिलं आणि गप्प बसले. इतकी हलकी बाई मी आयुष्यात पाहिलेली नाही, आणि ती मीच आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दहा वाजता खुर्चीतून उठायला गेले आणि उठता येईना. हात, पाय, मान, काही नाही. उजव्या हाताची बोटं तेवढी हलत होती. हाक मारायला गेले, तोंड उघडेना. दोन-तीन मिनिटांनी सगळं सुटलं.

बारा वाजता पुन्हा. दोन वाजता पुन्हा, या वेळी दहा मिनिटं. चारला पुन्हा.

यांना सांगितलं तर म्हणाले, नुसतं बसून बसून होतं तसं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दहा, बारा, दोन, चार. वळवायच्या वेळा. प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त.

पावणेअकराला शिपाई दाराच्या काचेतून डोकावला. मी नुसत्या डोळ्यांनी त्याला ओरडून ओरडून बोलावत होते. बाहेर तो कुणाला तरी म्हणाला की मॅडम मजेत आहेत, काम चाललंय. आणि गेला.

दुपारी मोठे डॉक्टर डोकावले. त्यांनीही मान डोलावली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

माकडहाडावर काहीतरी हुळहुळतंय. यांना बघायला लावलं. यांनी दिवा लावून पाहिलं. मग म्हणाले, रुपयाएवढं लाल आहे, मधे काळं.

ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या बुचकळ्यात पडल्या. असं महिनोन् महिने पडून असलेल्यांना होतं, तुम्ही तर चालत आलात, म्हणाल्या.

मी कारण सांगितलं नाही. काकूंना सांगितलं नव्हतं, तसंच यांनाही नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मोजतेय मी. सोमवारी चार, मंगळवारी चार, काल पाच, आज चारपर्यंत चार. सतरा. एकोणीस झाल्या की संपेल, असं मनाला समजावलं, आणि मग स्वतःचीच किळस आली. काकांचं कुठे संपलं?

जखम ओली झाली आहे. वास येतो. हे उशीत तोंड खुपसून झोपतात आणि सर्दी झाल्याचं सांगतात.

काकूंना फोन केला. कागद घ्यायला या म्हटलं. सगळं सांगणार आहे. तक्ता, टिका, सगळं. इन्चार्ज सिस्टरचा दोष नाही, काकूंचा तर नाहीच. मुद्दाम उद्या तीनची वेळ दिली. तीनला मी हलू शकते.

सहाला अठरावी.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सकाळी दहाला काही झालं नाही. बाराला नाही. दोनला नाही. सुटले की काय —

सव्वातीन. काकू आल्या नाहीत.

साडेतीन. बस चुकली म्हणून निरोप. येतायत. वही उघडून बसले आहे. काय बोलायचं ते घोकतेय. काकू, मी खोटं लिहिलं. काकू, मी खोटं लिहिलं.

तीन पंचावन्न. जिन्यावर पावलं. लवकर या हो — लवकर —

चार.

मान गेली. तोंड गेलं. बोटं आहेत. लिहितेय.

काकू समोर आल्या. बसल्या. मी लिहितेय असं पाहून म्हणाल्या, चालू द्या तुमचं, मी थांबते. थांबल्या आहेत. हात मांडीवर. खाली बघतायत.

वर बघा — वहीत बघा —

वही सरकवता येत नाही. बोटं नुसती लिहितात —

काकू बोलतायत. म्हणतायत, रोज झोपेत त्यांना वळवते. जमत नाही. हात घसरतो. जाग आली की वाटतं, मीच मारलं —

नाही. काकू नाही —

शिपाई दारात. काकूंना हळूच सांगतोय की मॅडम कामात आहेत, उद्या या —

उठू नका. इथं बघा. हे वाचा —

उठल्या. पदर सावरला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, तुम्ही फार केलंत आमचं —

काकू मी — त्या टिका मी — तुमची काही चू