लायब्ररी किती वाजता बंद होते

आई,

काल लेकीच्या कॉलेजची नवी लायब्ररी बघून आले. कॉलेज तेच, मी शिकले ते. पालकांना मुद्दाम बोलावलं होतं. खरं सांगते, पोटच्या पोरीचा एवढा हेवा मला कधी वाटला नव्हता. एकेकट्याने बसायला काचेच्या छोट्या खोल्या, चौघांनी मोठ्याने बोलत अभ्यास करायला वेगळी खोली, लोळायला गाद्या, कोपऱ्यात कॉफीचं मशीन. आमच्या वेळी खिडकीत चिठ्ठी द्यायची आणि शिपाई आतून पुस्तक आणेपर्यंत ताटकळायचं. ती कपाटं मी कधी जवळून पाहिलीसुद्धा नाहीत. ही मात्र त्यांच्यामधून आपल्या घरात फिरावं तशी फिरत होती, आणि वर मला म्हणते, "मम्मी, इथे एसी जास्तच असतो यार, स्वेटर आणावा लागतो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आपली हसून मान हलवली.

आपली विठ्ठलवाडीची खोली आठवली. पलीकडच्या कॅम्प पाच वस्तीतल्या कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे आले आहेत, तू चुलीपुढच्या फरशीवर बसून सुटलेले धागे कापते आहेस, आणि मी गठ्ठ्याला टेकून वाचते आहे. मधूनच चार पँटी मीही ओढते. तुझी बोटं निळी, माझीही निळी. "हात धू आदी," तू ओरडतेस, "परक्याचं पुस्तक हाय." पुस्तकाला डाग पडू नये म्हणून तू एकदा जीन्सच्या उरलेल्या तुकड्याचं कव्हर शिवलंस. जाडजूड, दुहेरी शिलाईचं, पेन ठेवायला खिसासुद्धा. कापड मात्र कोरं होतं, पाण्यातून न काढलेलं. काखेत धरून नेता-आणता घामाने त्याचा रंग सुटला आणि पुठ्ठ्यासकट पहिली पानं निळी झाली. सगळा जन्म जीन्समध्ये काढून हे आपल्या दोघींच्या ध्यानात येऊ नये. लायब्ररीतल्या बाईंनी ते पुस्तक सगळ्यांना वर धरून दाखवलं, आणि वर्षभर मला पुस्तक घरी न्यायला बंदी केली.

मग मी तिथल्याच बाकावर बसून वाचायला लागले. मला ते आवडायलाही लागलं. तू मात्र रोज निघताना विचारायचीस, "लायबरी किती वाजता बंद हुती गं?" मला वाटायचं, तुला धागे कापायला आणखी दोन हात हवे आहेत. "पाचला. रोज काय तेच विचारतेस?" असं म्हणून मी चपला घालायचे. परत यायचे तेव्हा चहाचं आधण चुलीवर असायचं. तू माझ्याआधी कधी चहा घेतला नाहीस, हे मला इतक्या वर्षांत आठवलंसुद्धा नव्हतं.

अंबरनाथच्या या घरात मी हिच्या अभ्यासासाठी मोठं टेबल घेतलं, मुद्दाम स्वयंपाकघरात. मी ओट्याशी, ती टेबलाशी, असं मनात होतं. टेबलावर आता निवडायची भाजी असते. काल मी हिच्यावर जळत होते. आज त्या काचेच्या खोलीवर जळते आहे, कारण माझी पोर दिवसभर तिच्याकडे असते.

सकाळी ती बूट घालत होती तेव्हा तोंडून निघालंच, "लायब्ररी किती वाजता बंद होते गं?"

"परीक्षा आलीय ना, आता बंदच नाही होत."

"मग पुस्तकं घरी आण. मी कव्हर शिवून देते."

ती हसली. "कव्हर कसलं मम्मी? पुस्तकं सगळी मोबाइलवर मिळतात आता."

मग तिथे जातेस कशाला, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. तू तरी कुठे म्हणाली होतीस.

हा कागद लेकीच्या हाती लागू नये म्हणून तांदळाच्या डब्याखाली ठेवते आहे. पाच वाजून गेले. मी अजून चहा घेतलेला नाही.